आईसाहेब वर, पयुंग खाली

लमोम म्हणजे आमच्याकडे मऊ, गोड, कुणाला न दुखवणारी. हे नाव तिला मठातल्या म्हाताऱ्या भिक्खूंनी ठेवलं, आणि ती बोलायला लागल्यापासून त्यांना कुणी भविष्य विचारायला गेलं नाही. शाळेत असताना एका कैरीवरून ती माझ्या दंडाला कडकडून चावली होती. तो वण अजून आहे. कुणी विचारलं तर मी कुत्रं चावलं म्हणून सांगते, आणि ती शेजारी बसून मान डोलावते.

मी रुआन. बान ताखियन स्टेशनात माझी बर्फाच्या कॉफीची गाडी आहे आणि गाडीला लागून तिची टोपली, तळलेली कोंबडी आणि चिकट भाताची. ती माझ्याहून वर्षाने मोठी, म्हणून तिला 'पी' म्हणायचं, ताई म्हणून मान द्यायचा. तेवढा मी देते. बाकीचं ती स्वतःच ओढून घेते.

आमचं जुनं स्टेशन म्हणजे एक लाकडी घर आणि त्याच्यापुढे जवळजवळ जमिनीला टेकलेला फलाट. गाडी थांबली की पी लमोम खिडकीखिडकीतून कोंबडी विकायची, पण तिला खरा जोर चढायचा तो गाडी हलल्यावर. डोक्यावर टोपली, एका हातात तंगडी, दुसऱ्या हाताने पैसे घेत धावायची. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की धावता धावता त्याच्या सात पिढ्या काढायची. सुटलेली गाडी तिला बघवायचीच नाही. गाडी सुटली म्हणजे कुणीतरी आपल्याला फसवून पळतंय, असाच तिचा समज.

रूळ ओलांडायला तेव्हा पूलबिल काही नव्हतं. भिक्खू ओलांडायचे, कोंबड्या ओलांडायच्या, शाळेतल्या मुली सायकली ढकलत ओलांडायच्या. गाडी यायची असली की पयुंग पितळी घंटा वाजवायचा आणि सगळे बाजूला व्हायचे. पयुंग म्हणजे पी लमोमचा नवरा. बोलण्यात इतका कंजूष, की लग्नात 'हो' सुद्धा त्याच्या आईने म्हटलं असं ती सांगते. पण त्याचा उजवा हात बोलायचा. दिवसा घंटेवर आणि संध्याकाळी ढोलावर.

ढोल कशासाठी, तर आईसाहेबांसाठी. स्टेशनासमोर ताखियनचं एक जुनं झाड होतं आणि त्या झाडात आमच्या आईसाहेब राहायच्या. त्यांच्या छोट्या देवळात आम्ही रेशमी कपडे टांगतो, आरसा ठेवतो, लाल सरबताची बाटली नळी घालून ठेवतो. मला विचाराल तर बाई जरा चैनी आहेत. पण नवसाला पावतात, म्हणून तोंडावर कुणी बोलत नाही. नवस पुरा झाला की ज्याने बोलला त्याने त्यांच्यापुढे नाच करवायचा. गावात नाचणाऱ्या आम्ही चौघी. टिकल्यांचे कपडे, गिल्टचे मुकुट, चौघींचे मिळून आठ गुडघे आणि त्यातले बरे किती ते विचारू नका. पी लमोम पुढे, आम्ही मागे, आणि पयुंगचा ढोल.

नवसाचा नियम एकच. तोंडातून जे गेलं तेच फेडायचं, त्यात काटछाट चालत नाही. आमच्या खाटकाने डुकराचं अख्खं मुंडकं बोलून नुसते कान आणले होते. त्याच आठवड्यात तो स्कूटरसकट कालव्यात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या कानात चिखल होता. आईसाहेबांना विनोद कळतो, असं तेव्हापासून माझं मत झालं.

मग सरकारला एका रुळाचे दोन रूळ करायची हुक्की आली. लाकडी घर गेलं, झाड गेलं, छातीएवढ्या उंचीचे दोन सिमेंटचे फलाट आले, मध्ये तारेची जाळी आली आणि वरून पूल. पुलाला जिने, आणि दोन्ही बाजूंना एकेक काचेची लिफ्ट. घंटा काढून लाऊडस्पीकर लावला. त्यातली बाई दिवसभर बोलत असते, त्यामुळे तिचं कुणी ऐकत नाही.

आईसाहेबांना कुठे ठेवायचं यावर मोठी सभा झाली. ज्योतिषी म्हणाला, खाली ठेवाल तर पुलावरून चालणाऱ्यांचे पाय बाईंच्या डोक्यावरून जातील. बापरे, पाय, आणि डोक्यावरून. मग त्यांना सगळ्यांत उंच जागी न्यायचं ठरलं, म्हणजे पुलावर, लिफ्टच्या वरच्या दारापाशी. नेलं. दुसऱ्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्या हातात नैवेद्याचं ताट घेऊन जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि वर बघत राहिल्या. एवढा मान दिला बाईंना, की त्यांना भेटायला कुणाला जाता येईना.

कारण लिफ्ट बंद होती.

त्या स्थापनेच्या दिवशीच कोमसान मास्तरांनी नवस बोलून घेतला. कोमसान आमचे नवे स्टेशनमास्तर. चाळिशीतले, पँटच्या इस्त्रीच्या घडीने पपई कापता येईल असे. आल्या दिवसापासून त्यांना समुद्राकाठच्या कुठल्याशा स्टेशनात बदली हवी होती. त्यांनी पी लमोमला विचारलं होतं, "पा, आईसाहेबांना सगळ्यात काय आवडतं?" मोठ्या मावशीला आमच्याकडे 'पा' म्हणतात. मास्तर तिला 'पा' म्हणायचे आणि मनातून तिला घाबरायचे.

"ढोल," ती म्हणाली. "आमच्या ह्यांचा."

पयुंगला तेव्हा अर्धांग होऊन काही महिने झाले होते. उजवी बाजू गेली होती, चाकांच्या खुर्चीत बसायचा, आणि बोलणं आधीच कमी होतं ते आता दिवसाला एखाद-दुसऱ्या शब्दावर आलं होतं. तरी मास्तर गुडघे टेकून मोठ्याने म्हणाले, "आईसाहेब, समुद्राकाठी बदली होऊ दे. पा लमोम आणि त्यांच्या बायकांचा नाच करवीन, लुंग पयुंगच्या ढोलावर." लुंग म्हणजे मोठे काका. उठताना म्हणाले, तोवर लुंग बरे होतीलच की.

आता बरं व्हायचं म्हणजे दर बुधवारी जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं. पयुंगची उजवी मूठ आवळून बसली होती. तिथली एक जाडजूड नर्स एकेक बोट धरून उघडायची आणि दर वेळी ती मूठ जरा जास्त उघडायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "खाडा करू नका. खाडा केलात तर मूठ अशीच राहील, मग मी काही करू शकणार नाही." पी लमोमने हे वाक्य इतक्यांदा म्हणून दाखवलं की माझ्या स्वप्नात यायला लागलं. तिला नवरा चालायला नको होता, गायला नको होता. तिला फक्त तो हात हवा होता.

जिल्ह्याकडे जाणारी सकाळची गाडी लागते पलीकडच्या फलाटाला. बाकड्यांचा टेम्पो खुर्ची चढवून घेत नाही, खासगी गाडी केली तर दोन दिवसांच्या कोंबड्यांची कमाई तिच्यातच जाते. राहिला पूल. पुलाला जिना.

"मास्तर, हे कपाट कधी उघडायचं?" पी लमोमने पहिल्याच बुधवारी विचारलं.

"पा, ते कपाट नाही. लिफ्ट आहे."

"उघडत नाही तोवर कपाटच."

"ठेकेदाराने अजून ताब्यात दिलेली नाही. किल्ली बँकॉकला आहे."

"मग ती बँकॉकलाच का नाही बांधली?"

मास्तर हसले. हसून आत गेले. असं पुढे कितीतरी बुधवार चाललं. किल्ली बँकॉकला. साहेब रजेवर. फाईल वर गेली आहे. फाईल वर जाते, आईसाहेब वर जातात, आमचा पयुंग तेवढा खाली.

मग तिने गावाने केलं तेच केलं. फलाटाच्या टोकाला कुणीतरी जाळी पकडीने कापली होती. रेल्वेवाले जोडायचे, कुणीतरी परत कापायचं. कोण ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं. पी लमोम पयुंगला त्या भोकातून न्यायची. रुळांवर टाकायला एक फळी होती, ती माझ्या गाडीखाली असायची. पलीकडे सामानाच्या ढकलगाडीसाठी केलेला उतार होता, त्यावरून वर. आठवडाभर कोंबडी तळणारी बाई, तिच्या दंडात ताकद होती. मी म्हणायचे, "पी, एक दिवस मराल दोघं." ती म्हणायची, "मेलो तर दवाखान्याची खेप वाचेल."

त्या दिवशी पाऊस होऊन गेला होता आणि फळी निसटली. खुर्चीचं पुढचं छोटं चाक रूळ आणि सिमेंटच्या मधल्या फटीत गेलं आणि अडकलं. ती मागून ओढायला लागली. जुनी गाडी असती तर मैलभर आधी धापा टाकताना ऐकू आली असती. ही नवी, न थांबणारी, चोरासारखी आली. लाऊडस्पीकरवरची बाई काहीतरी सांगत होती. ती सगळ्यांत आधी पयुंगने पाहिली. तो म्हणाला, "लमोम, सोड."

एवढंच. सोड. जन्मभरात त्याने तिला एक हुकूम दिला, आणि तिने तो ऐकला नाही. तिने त्याच्या काखेत हात घातले. मी कॉफीचं गाळणं हातात घेऊनच भोकातून आत पळाले, त्याच्या सदऱ्याला धरून ओढलं, आणि आम्ही तिघं खडीवर एकमेकांच्या अंगावर पडलो. गाडी गेली. खुर्चीही तिच्याबरोबर गेली. नंतर तिचं एक चाक आम्हाला केळीत सापडलं.

पी लमोम खडीवर बसून त्या गाडीला शिव्या देत होती. देता देता रडायला लागली आणि रडता रडता पुन्हा शिव्यांवर आली. दुपारपर्यंत मी एकही कॉफी गाळली नाही. मला भीती वाटली म्हणून नाही. मला राग आला होता, तो अजून येतो. दहा पावलांवर काचेची लिफ्ट उभी, आतल्या भिंतींवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही, आणि आम्ही दोन म्हाताऱ्या एका म्हाताऱ्याला सदऱ्याला धरून रुळांवरून ओढतोय.

मास्तर धावत आले, पांढरेफटक पडलेले. दुसऱ्या दिवशी भोकावर लोखंडी पत्रा बसला आणि त्यावर पाटी, रूळ ओलांडणे धोक्याचे आहे.

"हे मला कळावं म्हणून लावलंय?" पी लमोमने विचारलं. मास्तरांनी कानाला फोन लावला. पलीकडे कुणी नव्हतं हे आम्हाला दिसत होतं.

मठाने दुसरी खुर्ची दिली. पुढच्या बुधवारी तांदळाच्या गोदामातले दोन हमाल आले आणि पयुंगला खुर्चीसकट उचलून जिना चढायला लागले. चांगली माणसं होती बिचारी. पण त्यांना पोती उचलायची सवय. अर्ध्या जिन्यात एकाची पकड सुटली, खुर्ची कलली, पयुंग सरकला, आणि त्याची विजार जागेवर राहिली नाही. वर पुलाच्या कठड्याला शाळेतल्या मुली ओळीने उभ्या. त्या हसल्या. मुलीच त्या, हसणारच.

पयुंगने डाव्या हाताने कठडा घट्ट धरला. त्याला पुढेही नेता येईना आणि मागेही.

"मी पोतं नाही," तो म्हणाला.

त्यानंतर तो गेला नाही. पी लमोमने आरडाओरडा केला, हातापाया पडली, त्याचं जेवण बंद केलं आणि अर्ध्या तासात पुन्हा वाढलं. तो गेला नाही. बुधवारमागून बुधवार गेले. मूठ परत आवळत चालली. नखं तळव्यात रुतायला लागली तेव्हा ती त्याच्या मुठीत कापडाची सुरळी कोंबून ठेवायची. टोपलीशी बसून कोंबडी विकता विकता मध्येच उठायची, घरी जाऊन ती सुरळी बदलून यायची. तेवढ्या वेळात तिची कोंबडी मी विकायचे. एकदा मी म्हटलं, "पी, डॉक्टर म्हणाले होते..." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला दंडावरचा वण आठवला.

आणि मास्तरांची बदली झाली. समुद्राकाठी. त्यांनी सगळ्या स्टेशनाला माझ्याकडची कॉफी पाजली. स्वतः पिता पिता मध्येच थांबले. मला कळलं, नवस आठवला.

संध्याकाळी ते पी लमोमच्या टोपलीशी येऊन उकिडवे बसले. इस्त्रीची घडी मोडली तरी त्यांना भान नव्हतं.

"पा, शनिवारी नवस फेडून टाकू. रविवारी माझं सामान जातंय."

"फेडा की. आम्ही कुठे अडवलंय?"

"म्हणजे तुम्ही चौघी, आणि लुंगचा ढोल."

"ढोल आहे. लुंग पण आहे. वर कसे यायचे ते सांगा."

"आम्ही उचलून नेऊ. चार माणसं लावतो, दोरी बांधून, नीट."

मूठ सारखी बघावी लागे म्हणून ती आता पयुंगला बरोबरच आणायची, तो शेजारीच खुर्चीत होता. तो नुसता मास्तरांच्या विजारीकडे बघत राहिला. मास्तरांनी नकळत पट्टा चाचपला.

"बरं, मग असं करू. लुंग खाली वाजवतील, तुम्ही वर नाचा."

"आणि आईसाहेबांनी वाकून ऐकायचं?"

"जिल्ह्याहून दुसरे नाचणारे आणले तर?"

"आणा. नवस बोलताना कुणाचं नाव घेतलंत?" ती तंगडी उलटत म्हणाली. "आमच्या खाटकाला भेटून या. तो कालव्यात पडला होता. समुद्र त्याच्यापेक्षा खोल असतो म्हणे."

मास्तर उठले. रात्री त्यांना झोप लागली नसावी. सकाळी आले ते डोळे सुजवून, आणि त्यांच्या हातात एक छोटी किल्ली होती, लाल चकती लावलेली.

"बँकॉकहून फार लवकर आली," मी म्हटलं.

त्यांनी खाली पाहिलं. किल्ली पहिल्यापासून त्यांच्या टेबलाच्या खणात होती. चहाच्या डब्याखाली. "सही करून ताब्यात घेतली की जबाबदारी माझी होते," ते म्हणाले. "बिघडली तर चौकशी माझी. सही मी केलीच नाही. मी फक्त... सांभाळून ठेवली. पा, शनिवारी एक दिवस उघडतो. एकच दिवस. कुणाला बोलू नका."

मला वाटलं आता कढईतलं तेल उडणार. पण पी लमोम ओरडली नाही. ती उठली, पयुंगच्या खुर्चीपाशी गेली, त्याच्या मुठीतली सुरळी नीट केली आणि परत येऊन बसली. साठ वर्षांत मी तिला इतकी गप्प पाहिली नव्हती. मला तेव्हा मास्तरांची काळजी वाटली.

शनिवारी आम्ही मुकुट घालून लिफ्टशी उभ्या. मास्तरांनी नवसासाठी जुन्या पद्धतीचं रेशमी वस्त्र नेसलं होतं, पायांमधून घेऊन मागे खोचलेलं. कुणाचं तरी मागून आणलेलं, पिवळंजर्द. त्यांनी भिंतीवरच्या पेटीत किल्ली घालून फिरवली, मग जिन्याने पलीकडे जाऊन तिथल्या पेटीतही तीच फिरवली, कारण नवस फेडताना काही अर्धवट राहायला नको. दिवे लागले. दार उघडलं. आत चौघी, चार मुकुट, पयुंग, त्याच्या मांडीवर ढोल आणि पी लमोमच्या अंगाला कायमचा चिकटलेला तळणीचा वास. लिफ्ट वर निघाली तेव्हा पयुंग काचेतून खाली बघत होता. स्टेशन खाली जात होतं, पत्रा मारलेलं भोक खाली जात होतं, जिना खाली जात होता. इतका सरळ बसलेला तो मला कितीतरी दिवसांनी दिसला.

आईसाहेबांची दशा बघवत नव्हती. सरबताच्या बाटल्यांत मुंग्या, माळा वाळून कोळ झालेल्या, आरशावर बोटभर धूळ. पी लमोमने पदराने आरसा पुसला. "बाई, तुमचे पण हाल केले ह्यांनी," ती म्हणाली.

मग नाच झाला. पयुंग डाव्या हाताने वाजवत होता. अर्धा ठेका त्याचा, उरलेला अर्धा आम्ही मनात धरायचा. उजवी मूठ मांडीवर पडून होती. एकदा मला वाटलं ती हलली, पण मी घामाने भिजले होते आणि मुकुट डोळ्यांवर आला होता, त्यामुळे शपथेवर सांगत नाही.

शेवटी नैवेद्य. उकडलेली अंडी, फळं, लाल सरबत, मोठ्या पितळी ताटात. मास्तरांनी गुडघे टेकले. मी त्यांच्या हातात उदबत्त्या दिल्या. उदबत्त्या दोन्ही तळव्यांत धरायच्या असतात आणि मास्तरांच्या एका हातात किल्ली होती. सकाळपासून ती त्यांनी सोडली नव्हती, पाखरू उडून जाईल अशी धरून होते. त्यांनी खिसा शोधला. नेसूच्या वस्त्राला खिसा कुठला? मग त्यांनी ती पटकन समोरच्या ताटात अंड्यांशेजारी ठेवली, हात जोडले आणि डोळे मिटले.

मी पी लमोमकडे पाहिलं. तिने ताटाकडे पाहिलं. मोडक्या गुडघ्यांची बाई, पण ताट अशा चपळाईने उचलून डोक्याला लावलं की मला धावत्या गाडीमागची लमोम आठवली.

"आईसाहेब," ती मोठ्याने म्हणाली, "कोमसान मास्तरांनी बोललेलं सगळं आणलंय. न बोललेलंही आणलंय. तुमचं आहे, तुमच्याजवळ ठेवून घ्या." आणि ताट देवीपुढे ठेवून दिलं.

उदबत्त्या विझेपर्यंत थांबायचं. मग खाण्याचं असतं ते आईसाहेबांची परवानगी घेऊन परत घ्यायचं आणि प्रसाद म्हणून वाटायचं. खाण्याचं तेवढंच. कपडे, आरसे, दागिने, जे वाहिलं ते वाहिलं. हे आमच्याकडे दात न आलेल्या पोरालाही माहीत असतं. मास्तरांनी डोळे उघडले, हसले आणि किल्लीकडे हात नेला.

"खायची आहे का?" पी लमोमने विचारलं.

मास्तरांचा हात तिथेच थांबला. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, चारही मुकुटांकडे. मग जिन्यावर जमलेल्या माणसांकडे. खाटीकही आला होता, दोन्ही हात मागे बांधून उभा. मग मास्तरांनी आईसाहेबांकडे पाहिलं. नुकताच पुसलेला आरसा होता, त्यात त्यांना स्वतःचंच तोंड दिसलं असावं.

"पा," ते हळूच म्हणाले, "ती सरकारी आहे."

"होती. विचारून बघा त्यांना, देतात का परत. उद्या सामान जायचंय ना तुमचं?"

मास्तरांनी हात मागे घेतला. इस्त्रीची घडी नसलेला तो माणूस मला पहिल्यांदाच माणसासारखा वाटला. पी लमोमने एक अंडं सोलून त्यांच्या हातात दिलं. "खा," ती म्हणाली, "सकाळपासून उपाशी दिसता." त्यांनी खाल्लं.

किल्ली लाल दोऱ्यात ओवून तिने आईसाहेबांच्या गळ्यात घातली. अजून आहे. लिफ्ट बंद करायलाही तीच लागते, म्हणून लिफ्टही चालूच आहे. नवे मास्तर आले ते आधी हसले, मग हार घालून गेले. दुसरी किल्ली वरच्या ऑफिसात असेलही, पण ती मागायची तर पत्र लिहायला हवं, आणि पत्रात ही लिफ्ट चालू कशी झाली ते लिहायला हवं. ते कोण लिहिणार? फाईल अजून वर आहे. राहू दे तिथे.

पुढच्या बुधवारी दोघं निघाली. डॉक्टर काय म्हणणार ते तिला माहीत होतं, इतके खाडे झाले होते. तरी त्याला स्वच्छ सदरा घातला, केसांना पाणी लावून भांग पाडला. इकडच्या लिफ्टने वर गेली, पूल ओलांडला, पलीकडच्या लिफ्टमध्ये शिरली. मी माझ्या गाडीपासून काचेतून बघत होते. पी लमोम बटणाकडे हात नेत होती तेवढ्यात पयुंगने आपला उजवा हात उचलला. खांद्यापासून, अख्खा, जड, मूठ तशीच आवळलेली. आणि घंटेवर मारायचा तशी ती मूठ बटणावर मारली.

लिफ्ट खाली आली. दार उघडलं. पी लमोम खुर्ची बाहेर काढणार तोच त्याने पुन्हा मूठ मारली, वरच्या बटणावर. दार मिटलं. दोघं परत वर.

गाडी आली. लिफ्ट पुन्हा खाली येत होती, पयुंग पुन्हा मूठ उचलत होता. पी लमोमने त्याचा हात धरायला हवा होता, ओरडायला हवं होतं, पुढची गाडी थेट दुपारची होती. मी कान झाकायच्या तयारीत होते. काचेत ती मला स्पष्ट दिसत होती. दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरून उभी, आणि त्या मुठीकडे बघत होती. शिट्टी झाली. गाडी हलली, तिच्या डोळ्यांसमोरून एकेक डबा गेला.

पी लमोम जागची हलली नाही.